अर्धं भगुनं

माझा मुलगा परदेशातून महिनाभराच्या रजेवर घरी आला आणि पहिल्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात कागदी ताटात जेवला. हे लिहितानाही मला थोडा राग येतोच आहे, म्हणून आधीच लिहून टाकलं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. नवऱ्याच्या नोकरीमुळे लग्नानंतर मी हैदराबादला आले आणि नल्लकुंट्याच्या एका जुन्या इमारतीत राहिले ती राहिलेच. इथं आमचं प्रार्थनामंदिर नाही. आमच्यातली दोन-चार कुटुंबं होती, तीही एकेक करून निघून गेली. हे वारल्यापासून शुक्रवारी संध्याकाळी, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस सुरू होताना, मी एकटीच दिवा लावते, भिजवलेल्या मनुकांचं सरबत पेल्यात ओतते आणि आठवतील तेवढ्या प्रार्थना म्हणते. आमच्या पद्धतीनं कापलेलं मटण या गावात मिळत नाही, म्हणून घरात आम्हाला चालणारी खवल्यांची मासळी आणि भाजीपाला एवढंच शिजतं. आपण धर्म नीट पाळतो, असं मी बिनघोर धरून चालले होते.

मुलगा तिकडे नोकरीला गेला आणि तिथं त्याला माझ्यापेक्षा बराच जास्त धर्म भेटला. येताना त्यानं कपड्यांच्या बॅगेत एक लहानसं पातेलं आणलं होतं. ते काढून त्यानं गॅसवर ठेवलं, स्वतःच वरणभात शिजवला आणि कागदी ताट उघडलं. मी पापलेटचं कालवण करून बसले होते. नारळाचं दूध काढून, अगदी त्याला आवडतं तसं.

"आई, भांडी बुडवून घ्यावी लागतील गं," तो म्हणाला. "मग मी सगळं खाईन."

मग त्यानं मला नियम समजावला. भांडं धातूचं किंवा काचेचं असेल आणि ते ज्यू नसलेल्या माणसाकडून आपल्याकडे आलेलं असेल, तर वापरायच्या आधी ते एकदा पूर्णपणे पाण्यात बुडवून काढायचं. मातीच्या भांड्याला हे लागत नाही.

"म्हणजे बेगम बाजारातून आणलेलं प्रत्येक भांडं?"

"हौ."

"आणि इतकी वर्षं तू ह्याच भांड्यांत जेवून एवढा वाढलास, त्याचं काय?"

"तेव्हा मला कुठं माहीत होतं, आई?"

मी फ्रिजचं दार आपटायला गेले. पण आजकालची ती दारं आपटत नाहीत, आपली आपण हलकेच मिटतात. त्यामुळे मला आणखीच राग आला. माझ्या आईनं नवं भांडं आणलं की चिंचेनं घासायचं आणि चुलीवर चढवायचं, एवढंच मी पाहिलं होतं. ती काय देवाला नावडती होती?

पण माझा मुलगा भांडणारा नाही. लहानपणापासून हळू बोलतो आणि आपलं सोडत नाही. त्याच्यावर ओरडलं की ओरडणाऱ्यालाच थकायला होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेताना स्वतःहून विचारलं, "बरं, कुठं बुडवायची म्हणतोस?"

तिथून खरी गंमत सुरू झाली. नळाचं पाणी चालत नाही. टाकीतलं नाही, बादलीतलं तर नाहीच. माणसानं भरून साठवलेलं पाणी या कामाला बाद. पाणी आपल्या पायांनी आलेलं हवं, जमिनीतून नाहीतर आभाळातून. त्यातही झऱ्याचं पाणी वाहतं असलं तरी चालतं, पण पावसाचं असेल तर ते एका जागी थांबलेलं हवं. म्हणून पावसानं फुगलेल्या नदीबद्दल शंका.

"मुसी?" आमच्या शहरातल्या त्या गटार झालेल्या नदीचं नाव घेत मी विचारलं. "आणि मुसीत बुडवलेलं भांडं मग कशात बुडवायचं?"

तो हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणानं हसला, आणि माझा निम्मा राग तिथंच गेला. तितक्याच घाण हुसेनसागर तलावाचं नाव मग मी काढलंच नाही.

माणसांनाही हेच नियम आहेत, असं तो सांगत होता. बायकांना, आणि धर्मात नव्यानं येणाऱ्या माणसालाही. पाण्यात उतरताना बोटात अंगठी नको, नखांना रंग नको, केसांत गुंता नको, एक केससुद्धा पाण्याबाहेर राहायला नको. अंग आणि पाणी यांच्यामध्ये काही म्हणजे काही येता कामा नये. भांड्याचंही तसंच. लेबल नको, डिंक नको, काजळी नको, गंज नको. मग आम्ही मायलेक दोन दिवस लेबलं काढत बसलो. हे दुकानदार ताटाच्या बरोब्बर मध्यावर लेबल का चिकटवतात, ते त्यांनाच ठाऊक. माझ्याकडच्या कितीतरी ताटांची लेबलं अर्धी निघालेली आणि अर्धी वर्षानुवर्षं धुतली गेलेली होती. आम्ही खोबरेल तेल लावून, कापसानं पुसून, नखांनी खरवडून ती काढली. ज्या भांड्यांवर नावं कोरलेली होती, त्या अक्षरांतला मळ तो जुन्या टूथब्रशनं काढत होता. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत आम्ही जेवढ्या गप्पा मारल्या तेवढ्या फोनवर पाच वर्षांत मारल्या नव्हत्या.

पाण्याचा प्रश्न अक्कानं सोडवला.

अक्का म्हणजे वरच्या मजल्यावरची माझी शेजारीण. परभणीकडची, बौद्ध. तिचा नवरा रेल्वेत होता आणि ती स्वतः सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झाली. मी तिला अक्का म्हणते, ती मला वैनी म्हणते, मुलाची ती मावशी. या शहरात मी आले तेव्हा मला तेलुगू येत नव्हतं आणि इथलं उर्दू ऐकून हसू यायचं. जिन्यात मराठी ऐकू आलं आणि मी दार उघडून बाहेर गेले, ती आमची पहिली भेट. तेव्हापासून आमच्या वाट्या वर-खाली जात आल्या आहेत. हे गेले तेव्हा आमची माणसं मुंबईहून पोहोचेपर्यंत माझ्याजवळ ती बसून होती. माझ्या नात्याची माणसं पुष्कळ आहेत, पण लांब. जवळची म्हणावी अशी ती एकच. म्हणून पुढं जे झालं त्यानं माझी झोप उडाली.

अक्काला मी फक्त एवढंच सांगितलं की भांडी बुडवायला विहीर पाहिजे. ती लगेच म्हणाली, "त्याला काय झालं? माझ्या भावाची हाय की. उप्पलच्या पुढं. लई पाणी हाय, तळातून झरा हाय. कायकू फिकीर करता?" तिला वाटलं, मुलासाठी मी काही नवस बोलले असेन. मीही खुलासा केला नाही. ती स्वतः आमच्याबरोबर आली. तिनंच भावाकडून टोमॅटोचा प्लास्टिकचा क्रेट मागून घेतला, कारण त्याला चहूबाजूंनी भोकं असतात आणि पाणी सगळीकडून शिरतं.

पावसाळा संपून विहीर चांगली भरलेली होती. आत उतरायला दगडी पायऱ्या होत्या. मुलगा पाण्याजवळच्या पायरीवर उभा राहिला, मी वरच्या पायरीवर, आणि अक्का काठावरून एकेक भांडं माझ्या हातात देत होती. त्यानं हिब्रू आशीर्वाद म्हटला आणि पहिली परात बुडवली. भांडं घट्ट धरायचं नाही, नाहीतर बोटांखाली पाणी लागत नाही. हात आधी ओला करायचा. पालथं घालायचं नाही, आत हवा अडते. बारीकसारीक भांडी, चमचे, झारे क्रेटमध्ये घालून एकदम बुडवायचे. कोवळं ऊन होतं, पाणी गार होतं आणि मला चक्क बरं वाटत होतं.

मग अक्काच्या हातात एक स्टीलचं ताट आलं. ते तिनंच दिलेलं. मुलगा तेरा वर्षांचा होऊन धर्मानं मोठा झाला, त्या दिवशी तिनं त्यावर 'सप्रेम भेट' असं कोरून आणलं होतं आणि पुढं शाळा-कॉलेज सगळं तो त्याच ताटात जेवला. घरातली सगळी भांडी न्यायची म्हणून मी तेही गाडीत टाकलं होतं. त्यात काही सांगण्यासारखं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"हे बी बुडवायलास?" अक्कानं विचारलं.

"हौ मावशी, सगळीच."

"पन कशासाठी रे? नवस काय हाय तुमचा?"

आणि माझ्या सत्यवचनी मुलानं सांगितलं. "नवस नाही मावशी. ज्यू नसलेल्या माणसाकडून आलेलं भांडं असं बुडवूनच वापरायचं असतं."

अक्कानं ताट माझ्या हातात दिलं नाही, काठावर ठेवलं. मग पदरानं हात पुसले, जणू तेच ओले झाले होते.

"आमच्या आजीला उलटं सांगायचे," ती म्हणाली. "तुमची घागर विहिरीला लावू नका, पानी बाटतं. हितं घागरच बाटली म्हनून पान्यात घालायलेत."

ती जाऊन पंपाच्या खोलीजवळ झाडाखाली बसली. उरलेली भांडी, त्या ताटासकट, मी स्वतः वर चढून आणली आणि मुलानं बुडवली. परत येताना गाडीत ती पुढं ड्रायव्हरजवळ बसली आणि त्याच्याशी तेलुगूत भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिली.

घरी आल्यावर मुलगा सगळं खाऊ लागला. माझं कालवण, माझी भाकरी, सगळं. ज्यासाठी मी एवढी धडपड केली ते मिळालं, पण वरून वाटी येईना. मी पाठवलेली वाटी धुऊन, रिकामी परत आली. रिकामी वाटी परत करायची नाही हा आमच्या दोघींचा अलिखित कायदा होता. जिन्यात भेटली तर "बरं हाय ना, वैनी?" एवढं म्हणून पुढं जायची. भांडली असती तर मी बरोबरीनं भांडले असते. ते तिनं मला करू दिलं नाही.

मुलाला मी फैलावर घेतलं. "तुझ्या नियमात अक्का अशुद्ध आहे का? हो की नाही, एवढंच सांग."

"नाही, आई. भांडं घाणेरडं आहे म्हणून बुडवत नाहीत. माणूस आपल्या धर्मात येतो तेव्हा पाण्यात उतरतो, तो काय घाणेरडा असतो? भांडं आपलं होतं तेव्हा तसंच."

"मग हे विहिरीवर का नाही सांगितलंस?"

"मावशी उठून गेली."

चार दिवसांनी अक्का खाली आली. दोन्ही हातांत आमचं भगुनं होतं. भगुनं म्हणजे मोठं पातेलं; हे पितळेचं, आतून कल्हई केलेलं. आम्ही दोघींनी नव्यानं संसार मांडले होते तेव्हा एवढं मोठं भांडं एकटीला कशाला, म्हणून बेगम बाजारात जाऊन निम्मं निम्मं करून घेतलं होतं. कोरणाऱ्या माणसानं नाव कुणाचं घालू विचारलं, तर अक्का म्हणाली, दोघींचं. म्हणून तिच्या आणि माझ्या आडनावाचं पहिलं अक्षर शेजारी शेजारी ठिपक्यांनी कोरलेलं आहे. त्यात फक्त भात आणि गोड शिजवायचं, हे तेव्हाच ठरलं. तिच्याकडे चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला, माझ्याकडे आमच्या सणांना. विहिरीवर जायच्या वेळी ते तिच्याकडे होतं, म्हणून राहून गेलं होतं.

तिनं ते उंबऱ्याच्या आत ठेवलं.

"हे तुमच्याकडंच राहू द्या, वैनी. पुरं तुमचंच. माझा काई हक्क नाही आता ह्याच्यावर. कसं बुडवायचं तसं बुडवून घ्या."

"अक्का, आत तर या. चहा टाकते."

"नक्को. गॅसवर दूध हाय." आणि ती जिना चढून गेली.

मी त्या भगुन्याकडे पाहत उभी राहिले. इतक्या वर्षांत नवऱ्यानंतर मला कुणी टाकून गेल्यासारखं पहिल्यांदाच वाटलं. मी रडले, हेही लिहून टाकते.

मुलानं भगुनं उचलून ओट्यावर ठेवलं. त्यावरच्या अक्षरांवरून त्यानं हात फिरवला आणि विचारलं, "हे दोघींचं होतं?" मी हो म्हटलं. त्यानं तिकडच्या त्याच्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, फोन लावला. मी म्हटलं, आता आणखी काय राहिलं, कल्हई खरवडायची का? तो बाल्कनीत बराच वेळ हिब्रू आणि इंग्रजीत बोलत होता. आत आला तेव्हा त्याचा चेहरा शाळेत गणित चुकल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"आई, भांडं ज्यू आणि ज्यू नसलेला माणूस अशा दोघांच्या मालकीचं असेल, तर बुडवायची गरज नाही. तसंच वापरायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे हे आधीपासूनच चालत होतं. घरातलं हे एकच भांडं असं होतं की मला आल्या दिवसापासून चाललं असतं. एकदा आत पाणी उकळून घ्यायचं, बस."

"होतं म्हणजे?"

"मावशीनं आता आपलं अर्धं सोडलं ना. मग पूर्ण तुझं झालं. आता बुडवावं लागेल."

मला आधी हसूच आलं. रब्बींचं डोकं किती बारीक चालतं, आणि एवढ्या बारीक चालूनही शेवटी कुठं येऊन पोहोचतं. मग मी पदर खोचला, भगुनं उचललं आणि मुलाला म्हटलं, "चल वर. आणि या वेळी ती उठून गेली तरी तू बोलायचं थांबायचं नाही."

अक्का तांदूळ निवडत बसली होती. भगुनं बघून तिचे हात थांबले. "परत आनलंत?" एवढंच म्हणाली.

मुलगा तिच्यासमोर जमिनीवर बसला. आधी त्यानं विहिरीवर अर्धवट सांगितल्याबद्दल माफी मागितली. मग माणसाचं आणि भांड्याचं पाण्यात उतरणं, घाण नसणं, सगळं सांगितलं. अक्कानं ऐकून घेतलं.

"तू चांगला हायस, लेकरा," ती म्हणाली. "पन आमच्या आजीलाही कुनीतरी असंच समजावून सांगितलं असंल. त्यानं तिची तहान भागली नाही."

मी भगुनं तिच्यापुढं ठेवलं, तिच्या बाजूचं अक्षर तिच्याकडे करून.

"अक्का, तुमचं अर्धं परत घ्या," मी म्हटलं. "मी भीक मागायला आले आहे असं समजा. तुम्ही अर्ध्या मालकीण असाल तरच हे त्याला असंच चालतं. तुम्ही सोडलंत तर चालत नाही."

अक्का माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघत राहिली. मी तिची समजूत काढायला काहीतरी रचून सांगते आहे, अशी शंका तिला आली असावी.

"तू सांग," ती त्याला म्हणाली. "आईला बोलू देऊ नको."

"खरं आहे, मावशी. आमच्या पुस्तकांतच तसं आहे. मी आज विचारून घेतलं."

"म्हंजे माझं अर्धं हाय, म्हनून चालतंय?"

"हौ."

"आनि पुरं तुझ्या आईचं असंल तर?"

"तर नाही चालत. मग पाण्यात घालावं लागतं."

तिनं तांदळाचं ताट बाजूला सारलं. भगुन्यावरचं आपलं अक्षर अंगठ्यानं चाचपलं. मुलगा बोलायला गेला तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं.

"आमचं हाय म्हनून फेकून दिलेलं लई बघितलं मी," ती शेवटी म्हणाली. "आमचं हाय म्हनून चाललेलं पहिल्यांदा बघायले."

तिनं डोळे पुसले नाहीत. उठली, भगुन्याची एक कडी धरली आणि मुलाला म्हणाली, "धर तिकडून. जड हाय. आज शुक्रवार ना तुमचा?"

खाली आल्यावर मुलानं भगुन्यात काठोकाठ पाणी भरून उकळलं. तो नियम वेगळा, आणि तो का, हे विचारायची हिंमत आम्हा दोघींनाही झाली नाही. मग मी त्यात नारळाच्या दुधातला भात टाकला आणि अक्का ओट्याला टेकून मला मीठ कमी पडल्याचं सांगत राहिली. दिवेलागणीच्या आधी सगळं झालं. मी दिवा लावला, मुलानं मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हटली आणि आम्ही जेवायला बसलो. त्यानं जेवायला 'सप्रेम भेट' कोरलेलं ताट काढलं होतं.

अक्का वाढायला बसली. भगुनं तिनं स्वतःकडे ओढून घेतलं आणि पहिला डाव त्याच्या ताटात घातला, मग दुसरा. मी आपलं ताट पुढं केलं तर तिनं माझा हात बाजूला केला.

"थांबा, वैनी," ती म्हणाली. "आधी त्याला माझ्या अर्ध्यातलं खाऊ द्या."